सगळ्या गावाचा सामू साडेसात

माती तपासणे हा शिकलेल्या मुलीचा व्यवसाय असू शकतो, हे आमच्या नात्यागोत्यात अजून कुणाला पटलेले नाही. "एम.एस्सी. झाली आणि आता चिखल ढवळते," असे माझी मावशी लग्नकार्यात माझी ओळख करून देते. वर्णन म्हणून ते अचूक आहे. मी खरोखरच चिखल ढवळते: एक भाग माती, अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी आणि काचेची कांडी.

अशा दिवाळी अंकांतून आठवणी लिहिण्याचा मान सहसा निवृत्तांचा असतो. माझ्या निवृत्तीला पुष्कळ अवकाश आहे. तरी संपादकांनी विचारल्यावर मी होकार दिला, कारण ज्या प्रकरणाची मला लाज वाटते ते ताजे असतानाच लिहून टाकणे बरे. मुरल्यावर अशा गोष्टींचे किस्से होतात आणि सांगणाराच त्यात हुशार ठरू लागतो.

आमची प्रयोगशाळा रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. संत्रा बागाईतदारांच्या एका संस्थेने ती चालवली आहे. दवाखान्यात येणारे लोक चुकून आमच्याकडे येतात आणि आमच्याकडचे चुकून दवाखान्यात जाऊन बसतात. एक गृहस्थ मातीची पिशवी मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर दुपारपर्यंत बसून होते. डॉक्टरांनी आजार विचारला तेव्हा म्हणाले, "मले नाही जी, वावराले हाय." आमच्याकडे शेताला वावर म्हणतात.

वावराचा आजार ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे सामू. हा शब्द ऐकून पुष्कळांना एखाद्या माणसाचे नाव वाटते, म्हणून थोडे स्पष्ट करते. आम्ल म्हणजे काय हे लिंबू आणि चिंच खाणाऱ्याला सांगावे लागत नाही. अल्क मात्र जिभेवर ठेवून कळत नाही आणि ठेवूही नये. चुना, धुण्याचा सोडा, साबण ही त्याची घरातली रूपे. ती बोटांना बुळबुळीत लागतात. या दोन्हींची परीक्षा प्रत्येक घरात रोज होत असते, फक्त तिच्याकडे कुणी परीक्षा म्हणून पाहत नाही. पातळावर वरण सांडते, डाग पिवळा असतो. त्याला साबण लावला की तो लालभडक होतो, आणि भरपूर पाण्याने खळबळून काढला की पुन्हा पिवळा पडतो. हळद अल्काला लाल रंग दाखवते आणि अल्क निघून गेला की आपल्या रंगावर येते. कॉलेजात आम्ही याच गुणाच्या द्रव्यांना दर्शक म्हणत असू आणि ती परदेशी बाटल्यांतून ओतत असू.

सामू हे याच गुणाचे मोजमाप. त्याची पट्टी शून्यापासून चौदापर्यंत. सात हा मध्य, तिथे पाणी ना आम्ल ना अल्क. साताच्या खाली आम्लता वाढत जाते, वर अल्कता. मात्र या पट्टीवरचे अंक साधे नाहीत. सातावरून आठावर जाणे म्हणजे एक पाऊल पुढे जाणे नव्हे, दहापट पुढे जाणे. नऊ म्हणजे शंभरपट. म्हणून साडेसात आणि नऊ यांत दीडाचाच फरक आहे असे म्हणणाऱ्या बागाईतदाराची बाग तिसऱ्या वर्षी वाळते. संत्र्याला साधारण साडेसहा ते साडेसात मानवतो, आठापर्यंत ते कुरकुरत चालवून घेते. सामू नवाच्या आसपास गेला की बहुतेक वेळा जमीन चोपण असते. अशा मातीचे कण पाण्यात सुटे होऊन एकमेकांना चिकटतात, वरचे पाणी खाली उतरत नाही, आणि मुळे जमिनीत असूनही गुदमरतात.

आता चूक कुठे होते ते सांगते. यंत्रात ती क्वचित होते. ती पिशवीत होते. आम्ही सांगतो की शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणा, सगळी माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत करत पिशवीभर उरवा. लोक काय आणतात? एकाने चुन्याच्या डबीत माती आणली. तिचा सामू इतका वर गेला की मी यंत्र दोनदा तपासले. एका बाईंनी माती विहिरीच्या पाण्याने धुऊन, फडक्यावर वाळवून, चाळून आणली होती. मी रागावले तर म्हणाल्या, "एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकायपुढं अशीच मळकट आणाची का?" मी हसले. त्या उत्तरातच आमच्या सगळ्या व्यवहाराची किल्ली होती आणि मला ती तेव्हा दिसली नाही.

लोकांना माती दाखवायची असते. आम्हाला ती मोजायची असते.

त्यात मी एक पद्धत सुरू केली होती. शनिवारी निकाल नेण्याचा दिवस. बाहेरच्या ओसरीवर चाळीस-पन्नास माणसे बसत. मी छापील कागद हातात घेऊन दारात उभी राही आणि नाव, सामू, अभिप्राय असे मोठ्याने वाचत जाई. कारणे मी सर्वांना पटवून दिली होती: पुष्कळांना वाचता येत नाही, एकाचे ऐकून दुसरा शिकतो, आणि शास्त्रात झाकण्यासारखे काही नसते. चौथे कारण कुणाला सांगितले नव्हते. एवढी मोठी माणसे माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, हे मला आवडत होते. वय सव्वीस, पदक ताजे, आणि डॉक्टरेटसाठी विषयाचा शोध चालू. मला घाई होती.

त्या शनिवारी रामटेकच्या वाटेवरच्या एका गावाचे नमुने होते. मी वाचले, "गुलाबराव. सामू नऊ पूर्णांक एक. जमीन चोपण. संत्रा लावू नये. पुढचे."

मागून कुणीतरी म्हणाले, "काहून गा गुलाब्या, वावरात साबण पिकवून राहिला का?"

"अबे, म्हणूनच याचं धोतर एवढं पांढरं रायते!"

"पोरीच्या लग्नात वऱ्हाडाले धुऊनच काढतो वाट्टे हा!"

ओसरी हसली. खरे सांगायचे तर साबणाची उपमा रसायनदृष्ट्या बरोबर आहे म्हणून मलाही हसू आले. गुलाबराव पन्नाशीचा गृहस्थ. त्याने कागद घेतला, घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली आणि "बरोबर हाय जी," एवढे बोलून तो निघून गेला. त्यानंतर बराच काळ तो आमच्याकडे आला नाही. मला ते जाणवलेही नाही, कारण त्याच्या गावाहून नंतर पुष्कळ नमुने येऊ लागले आणि ते सगळे उत्तम होते.

साडेसात. पुन्हा साडेसात. सात पूर्णांक चार. साडेसात. सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की मातीतली चुनखडी फसफसते. ती फसफसही सगळ्यांची सारखीच माफक. मी आनंदून गेले. चोपण पट्ट्याला लागून एवढा एकसंध, निरोगी पट्टा! मी त्यावर टिपण लिहिले, नकाशा काढला, गावाच्या जागी सुरेख हिरवा रंग भरला. आमचे प्रमुख ठोंबरेसाहेब मितभाषी. त्यांनी ते चाळून "चांगले आहे, पण जरा जास्तच चांगले आहे," असे म्हटले. मला ती शाबासकी वाटली.

मृदाशास्त्राचे पहिले वर्ष शिकलेल्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते की शेजारच्या दोन वावरांचा सामू तंतोतंत जुळत नाही. एकाच वावराच्या दोन टोकांचाही जुळत नाही. मलाही ठाऊक होते. पण आकडे मनासारखे आले की माणूस त्यांना जाब विचारत नाही.

शेवटी विचारला तो चाळणीमुळे. माती चाळल्यावर वर खडे आणि काड्या उरतात, ते आम्ही फेकून देतो. एका शनिवारी दुपारी निकाल वाटून झाल्यावर वीज गेली, यंत्र बंद पडले, आणि करायला काही नाही म्हणून मी त्या गावच्या नमुन्यांचे उरलेले खडे काचेच्या वाट्यांत ओळीने मांडले. पहिल्या वाटीत भाजलेल्या विटेचे लाल बारीक कण आणि करडी राख. दुसऱ्या वाटीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वाटीत तेच. आडनावे वेगळी, गट नंबर वेगळे, पिशव्या वेगळ्या, वीट एक. मी वाट्यांकडे पाहत बसले.  हिरवा पट्टा मला दिसेना, त्याच्या जागी एक वावर दिसू लागले, आणि त्यावर ओणवे होऊन पिशव्या भरणारे सगळे गाव.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माती काढायचे गिरमिट गोणपाटात गुंडाळून मी रामटेकची एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, "काय बाई, विहीर खोदाले चालल्या का?" मी तिकिटाचे पैसे पुढे केले. त्या सकाळी कुणाच्याही विनोदाला उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हते.

गावच्या थांब्यावर उतरून मी विचारले, "इथे जुनी वीटभट्टी कुठे होती?"

"माह्याच वावरात," पारावर बसलेले एक वयस्क गृहस्थ ताठ होत म्हणाले. "मी नामदेवराव. काहून जी? तुम्ही त्या मातीवाल्या बाई ना? या ना, पाहा ना वावर! पुऱ्या गावानं नेली माह्या वावराची माती."

"पुऱ्या गावाने?"

"मंग! तुमच्या हापिसात पास होते म्हन्ते ना ते. गुलाब्या फेल झाला चारचौघांत. तो तर आता बाजारालेही जात नाही. लोक म्हन्ले, आपली इज्जत काहून घालवाची? नामदेवाच्या वावरातली न्या. मी म्हन्लं, न्या बाप्पा, माती त होय!"

ते बोलत होते अतिशय प्रसन्नपणे, पाहुण्यांना घरची भाजी वाटल्याचे सांगावे तसे. मी विचारले, या मातीच्या निकालावर विसंबून कुणी संत्र्याच्या कलमा आणल्या आहेत का?

"सध्या एकटी कौसल्याबाई. उद्या सकाळी लागून राहिल्या ना कलमा. शालिकराम, तिचा मालक, कन्हानच्या कोळशाच्या खाणीत हाय. उद्या राजीनामा देऊन राहिला तो. म्हन्ते, आता बागच पाहाची."

मला कौसल्याबाई आठवली. चाळिशीची, बोलायला नेमकी, निकालाचा कागद दोन्ही हातांनी घेणारी. सामू सात पूर्णांक पाच. अभिप्राय: संत्र्यास योग्य. खाली माझी सही, मला आवडणाऱ्या वळणाची.

तिचे वावर गावाबाहेर होते. नामदेवराव बोलत बोलत बरोबर आले. मी दुरूनच ओळखले. वरचा थर काळपट, तेलकट चकाकणारा. कलमांसाठी खणलेले खड्डे ओळीने, नीट मापात, आणि पावसाळा सरून पंधरवडा झाला तरी प्रत्येक खड्ड्यात गढूळ पाणी तसेच उभे. ज्या जमिनीतून पाणी खाली उतरत नाही ती पाहायला यंत्र लागत नाही.

बाभळीच्या सावलीत ओल्या पोत्यांखाली कलमा ठेवल्या होत्या. शालिकराम त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. उंच, वाकलेला माणूस. हातांच्या आणि गालांच्या कातडीत कोळशाच्या कणांचे निळे ठिपके कायमचे बसलेले. मला पाहून तो उजळला. "बाई, तुम्ही? सोता? माही बाग पाह्याले? साडेसात, बरोबर ना? मले पाठ हाय जी. योग्य, असं लिवलं हाय तुम्ही. अवो, पानी आन वं बाईले!"

कौसल्याबाईची नजर गोणपाटातून डोकावणाऱ्या गिरमिटाच्या टोकावर होती. "पानी विहिरीवर हाय, या जी तिकडंच," असे म्हणून ती मला बाजूला घेऊन गेली. विहिरीच्या आडोशाला आल्यावर तिने पाणी काढले नाही.

"तुमाले कळलं," ती म्हणाली.

"ही माती तुमच्या वावरातली नव्हती."

"नव्हती. मी त्या दिवशी तिथंच बसून होती जी, गुलाबभाऊचं नाव घेतलं तवा. माही पिशवी मांडीवर होती. याच वावरातली. तशीच वापस आणली मी."

मी तिला समजावू लागले. मी म्हटले की लाजेपायी एवढा धोका पत्करायचा नसतो. हे वाक्य मी खरोखर उच्चारले. ते आठवले की आजही मला चार माणसांतून उठून जावेसे वाटते.

"लाज होती," ती म्हणाली. "पन लाजंसाठी त एक कागद पुरला असता. खड्डे नसते खोदले. तुमी खाणीचा भोंगा आयकला का कधी बाई? अवेळी वाजते तो? मी आयकला हाय. दोनदा. त्यानंतर घरी कोन येते अन् कोन नाही ते दारात उभं राहून पाह्यलं मी. मले ठाऊक हाय इथं संत्रा जगत नाही. पन दोन-तीन वर्सं त हिरव्या रायतीन कलमा? तवरक हा मानूस जमिनीच्या वर राहीन."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं त्यानंतर पाहू."

"तिसऱ्या वर्षी बाग जाईल आणि नोकरीही गेलेली असेल."

"तुमी वापस जा जी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी आल्याच नाही. हात जोडते."

मी लिहिण्यासाठी बसले तेव्हा इथे माझ्या मनातल्या संघर्षाचे एक परिच्छेदभर वर्णन करायचे ठरवले होते. तसा संघर्ष झाला नाही. मला उत्तर ताबडतोब दिसत होते, आणि ते ज्या वेगाने दिसले त्याचीच मला शरम वाटली. उद्या हा माणूस माझ्या सहीवर नोकरी सोडणार, त्याला खरे सांगितलेच पाहिजे. सांगितले की तो पुन्हा जमिनीखाली जाणार. आणि खरे पूर्ण सांगितले तर त्याच्या बायकोने त्याला फसवले हेही सांगावे लागणार. यांतले पहिले टाळता येत नव्हते. शेवटचे टाळता येत होते.

मी बाभळीकडे परत गेले. कौसल्याबाई मागून आली, पावलांचा आवाज न करता. एव्हाना चार-सहा माणसे जमली होती, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुलाबरावही लांब उभा होता. मी शालिकरामला म्हटले, "तुम्हाला दिलेला निकाल चुकीचा होता. आमचे यंत्र बिघडले होते. या वावराचा सामू साडेसात नाही."

 नामदेवरावांनी काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कौसल्याबाईकडे पाहिले, आणि तोंड मिटले. मग म्हणाले, "मशीनच ते. बिघडते."

"मंग किती हाय?" शालिकरामने विचारले.

मी खड्ड्याच्या भिंतीतून गिरमिटाने माती काढली, बाटलीतल्या पाण्यात ढवळली, निवळल्यावर त्यात रंगपट्टी बुडवली. पट्टीवर जो निळा-हिरवा रंग आला तो तक्त्याशी ताडून पाहायची गरज नव्हती. खालची माती घेतली, तिचाही तोच. मी अंक मोठ्याने बोलले नाही. पट्टी त्याच्या हातात दिली आणि तक्ता त्याच्यासमोर धरला. त्याने स्वतः बोट फिरवत रंग जुळवला. बोट नवाच्या पुढे थांबले.

"म्हणजे पुऱ्या गावाचे कागद चुकले काय?" जमलेल्यांतून एकाने विचारले.

"सगळे. पुन्हा तपासावे लागतील."

"अरे बाप्पा! अन् शनिवारी एवढ्या ठसक्यात वाचे बाई!"

"पदक हाय म्हने बाईले."

"मशीनले द्या म्हनावं ते पदक, सुधरन तरी!"

ते हसले. ओसरीवर गुलाबरावला हसले होते तसेच, मनात काही न ठेवता, मोकळेपणाने. मी उभी राहून ऐकत होते. माझे यंत्र रोज सकाळी मी स्वतः प्रमाण द्रावणांवर जुळवते. त्यावर धूळ बसू देत नाही. त्याला माझ्याच तोंडाने खोटे पाडून मी तिथे उभी होते आणि गुलाबराव धुऱ्यावरून माझ्याकडे पाहत होता. तो मात्र हसत नव्हता.

पुढे काय झाले ते थोडक्यात. ठोंबरेसाहेबांना मी सर्व सांगितले आणि टिपण परत घेतले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. "यंत्राची बदनामी केलीत," ते म्हणाले, "ती आता निस्तरा." त्यांनी बाहेरच्या फळ्यावर "यंत्र दुरुस्त झाले आहे" असे माझ्याकडूनच लिहवून घेतले. त्यानंतर एक गोष्ट घडली, जी मी हिशेबात धरली नव्हती. त्या गावची माणसे एकेक करून पुन्हा पिशव्या घेऊन आली. "सुधरली का जी मशीन?" असे विचारत आणि पिशवी ठेवत. या खेपेस चाळणीवर विटेचे कण नव्हते. सात पूर्णांक नऊ, आठ पूर्णांक सहा, सात पूर्णांक दोन, नऊ: प्रत्येक वावर आपापल्या सामूवर आले. पहिला दोष यंत्राच्या माथी गेल्यामुळे आता कुणाला काही झाकायचे कारण राहिले नव्हते. गुलाबराव शेवटी आला. चोपण जमिनीत जिप्सम टाकून, पाणी निघून जायला चर खणून ती हळूहळू सुधारते, हे मी त्याला पहिल्याच शनिवारी सांगायला हवे होते. मी "पुढचे" म्हटले होते. आता मी त्याला आत बसवून सांगितले.

कौसल्याबाईच्या कलमा नामदेवरावांच्या वावरात अर्ध्या हिश्श्याने लागल्या आणि आता बहरावर आहेत. तिच्या वावरातही जिप्सम पडते आहे, पण ते काम वर्षांचे असते. ती शनिवारी येते, कागद घेते, माझ्याशी नीट बोलते. त्या विहिरीवरचे ती काढत नाही. शालिकराम खाणीतच आहे. मी यशस्वी प्रयोगांची यादी करते तेव्हा या गावाचे नाव त्यात घालायला माझा हात धजत नाही. ठोंबरेसाहेब मात्र दर वार्षिक अहवालात ते घालतात.

त्या रविवारी संध्याकाळी परतीच्या एस.टी.त शालिकराम माझ्या मागच्याच बाकावर येऊन बसला. त्याची रात्रपाळी होती.  मनसर मागे पडल्यावर तो पुढे वाकला.

"बाई, मशीन चांगली हाय ना?"

मी मागे वळले नाही. "का विचारता?"

"ते वावर माह्या बापाचं हाय जी. मी लहानाचा मोठा तिथंच झालो. पावसाळा झाल्यावरही तिथं पानी उभं रायते, हे मले काय ठाऊक नाही? बाप म्हने, इथं गवत हसते फक्त." त्याने मांडीवरचा डबा सरळ केला. "पन कौसल्यानं कागद आणला. म्हन्लं, बाप चुकला असन. मी चुकलो असन. शिकलेली बाई अन् मशीन, दोघी एकदम कशा चुकतीन?"

बाहेर अंधारून येत होते.  मी म्हटले, "तिने तुमच्यासाठीच..."

"मले ठाऊक हाय," तो घाईने म्हणाला. "तिले सांगू नका मले ठाऊक हाय म्हनून. तिले वाटू द्या मशीनच बिघडली."

कन्हान आले. गाडीचा वेग कमी झाला तसे डबे घेतलेले पाच-सात लोक दाराशी उभे राहिले, त्यांत तो मिसळला. कुणीतरी त्याला विचारले, "काहून गा शालिक, तू त उद्या सोडून राहिला होता ना?"

"नाही गा," तो म्हणाला. "लांबलं जरा."

गाडी थांबली आणि ते सगळे उतरले.